२०२४चे इलेक्ट्रॉनिक अल्बम: नव्याने ऐकणाऱ्यांसाठी वाटाड्या

डिसेंबर आला की वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या याद्या सगळीकडून येऊ लागतात. कुठे पन्नास नावं, कुठे शंभर. इलेक्ट्रॉनिक संगीताकडे नव्याने वळलेला माणूस अशी एखादी यादी उघडतो, एकेका अल्बमचा पहिला ट्रॅक मिनिटभर ऐकतो आणि पुढे सरकतो. तासाभराने डोक्यात नुसता गलका उरतो आणि 'सगळं एकसारखंच आहे' असं मत होऊन बसतं. यात त्याच्या कानांचा काही दोष नसतो. हे संगीत मिनिटभरात कळावं असं बांधलेलंच नसतं. त्यातली गंमत सावकाश होणाऱ्या बदलांत असते, आणि बदल जाणवायचा तर आधी काय चाललं होतं ते कानात बसलेलं असावं लागतं.

म्हणून माझा आग्रह एकच: मोजके अल्बम घ्या, पण पूर्ण ऐका आणि पुन्हा ऐका. २०२४ हे वर्ष त्यासाठी फार चांगलं आहे, कारण त्या वर्षी एकमेकांशी काडीचं साम्य नसलेले अनेक उत्तम अल्बम आले. ते ऐकत ऐकत स्वतःच्या आवडीची यादी कशी तयार करायची, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आवाज नीट पोहोचतोय का ते बघा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती टाळलीत तर पुढचं सगळं वाया जाईल. या संगीताचा अर्धा जीव खालच्या सुरांत असतो. किक ड्रमचा, म्हणजे ठेका धरणाऱ्या खोल ढोलाचा, मुख्य जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि फोनच्या छोट्याशा स्पीकरला तिथपर्यंत उतरताच येत नाही. म्हणजे फोनवर ऐकताना बेस कमी ऐकू येतो असं नाही, तो जवळजवळ नसतोच. ज्या पायावर बाकीचे सूर उभे आहेत तो पायाच गायब झाला, तर उरलेलं संगीत पोकळ आणि किरकिरं वाटणारच.

महागडे हेडफोन लागत नाहीत. आहेत तेच कानात नीट बसवा. कानात घालायचे इअरफोन असतील तर एखादा भारदस्त बेस असलेला ट्रॅक लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून बघा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर रबरी टोप्यांचा आकार चुकला आहे आणि फटीतून खालचे सूर निसटतायत. सोबत आलेली मोठी टोपी लावून बघा. एवढ्यानेच कितीतरी फरक पडतो.

मग ॲपच्या सेटिंगमध्ये जा. शफल बंद, ऑटोप्ले बंद, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर. दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडू न देण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, कारण यातले काही अल्बम एका ट्रॅकमधून दुसऱ्यात वाहत जातात. 'बेस बूस्ट' वगैरे तयार इक्वलायझर काढून टाका. संगीतकाराने आणि मास्टरिंग (शेवटची ध्वनिसफाई) करणाऱ्याने ते काम आधीच केलेलं असतं. आवाज किती मोठा ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत असं आहे. आवाज वाढत जातो तशी सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. तेव्हा बेस हवा म्हणून आवाज चढवण्यापेक्षा टोपी बदला.

दुसरी पायरी: अल्बमकडे जाण्याआधी थोडं मोजायला शिका

फ्लोटिंग पॉइंट्सच्या 'कॅस्केड' या अल्बममधला 'बर्थ४०००' हा ट्रॅक लावा. चाल शोधायच्या भानगडीत पडू नका. फक्त किक ऐका: धप, धप, धप, धप. चारही मात्रांवर सारखी पडणारी ही किक म्हणजे हाउस आणि टेक्नोचा कणा. चार मात्रांचा एक बार. आता बोटांवर बार मोजत राहा. या प्रकारच्या बहुतेक ट्रॅकमध्ये आठ किंवा सोळा बार झाले की काहीतरी बदलतं. हाय-हॅटची, म्हणजे झांजांच्या जोडीची, टिकटिक सुरू होते, बेस निघून जातो, मागे एखादा लांब सूर येऊन थांबतो. मिनिटाला १२० ठोके असा वेग धरला, तर सोळा बार म्हणजे ६४ ठोके, म्हणजे बरोबर ३२ सेकंद. हा हिशोब अंगात भिनला की तुम्ही बदलाची वाट बघायला लागता. किक अचानक थांबते तेव्हा ती कधी परतेल याचा अंदाज तुमचा तुम्हीच बांधता. चांगला संगीतकार याच अंदाजाशी खेळतो: एखादा बार उशिरा येतो, कधी आधीच येतो, कधी येतच नाही.

मोजणं जमलं की आणखी दोन गोष्टींकडे कान द्या. पहिली: किक पडते त्या क्षणी मागचे लांब सूर जरा दबतात आणि लगेच पुन्हा वर येतात. किकला जागा मिळावी म्हणून कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) लावून हे मुद्दाम केलेलं असतं. याला साइडचेन म्हणतात, आणि सगळा ट्रॅक श्वास घेतोय असं जे वाटतं ते यामुळेच. दुसरी: फिल्टर. एखाद्या सुरावटीचे वरचे स्वर कापून ती दबकी ठेवलेली असते, आणि मिनिट-दीड मिनिटात ती हळूहळू उघडत नेतात. स्वर तेच, क्रम तोच, तरी आवाज मात्र पूर्ण बदललेला. 'एकच तर वाजतंय' असं म्हणणाऱ्याच्या कानातून नेमकं हेच सुटलेलं असतं.

वेगावरूनही बरंच कळतं. हाउस साधारण १२० ते १३० ठोक्यांचं, टेक्नो त्याहून जरा वर, डबस्टेप १४०च्या आसपास, फुटवर्क १६०, जंगल नावाची शैली आणि ड्रम अँड बेस १६० ते १८०. ॲम्बियंटमध्ये, म्हणजे वातावरणासारख्या शांत संगीतात, बऱ्याचदा ठेकाच नसतो. हे आकडे पाठ करायची गरज नाही, ऐकता ऐकता ते बसतात.

तिसरी पायरी: तुम्ही आधीपासून जे ऐकता, त्याच्या जवळचं दार निवडा

सगळ्यांनी एकाच अल्बमने सुरुवात करावी असं मला वाटत नाही.

गाण्यांची सवय असेल, म्हणजे आवाज आणि शब्द हवेच असतील, तर जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्ह्ज' घ्या. २०१५च्या 'इन कलर'नंतर तब्बल नऊ वर्षांनी आलेला त्याचा हा दुसरा एकल अल्बम. रॉबिन, हनी डिजॉन, दि अव्हलँचेस असे पाहुणे आहेत, आणि 'वेटेड ऑल नाइट'मध्ये 'दि एक्सएक्स' या त्याच्याच बँडमधले रोमी आणि ऑलिव्हर सिम गातात. त्यामुळे बोट धरायला कायम कुणाचा तरी आवाज असतो. पहिल्याच ऐकण्यात आवडतो. पुढे तो तितकाच टिकतो का, याबद्दल मी थोडी साशंक आहे, पण दार म्हणून उत्तम.

गिटार, बँड असं ऐकत आला असाल तर फोर टेटचा 'थ्री'. फोर टेट म्हणजे कीरन हेब्डन, आणि हा अल्बम त्याच्या स्वतःच्या 'टेक्स्ट' या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) मार्च २०२४मध्ये आला. आठच ट्रॅक आहेत, पाऊण तासात संपतो. सुरुवातीचा 'लव्ड' अगदी सैल, सावकाश ठेक्याचा. 'डेड्रीम रिपीट'मध्ये खरखरीत, टोचरा सिंथ (सिंथेसायझर) आणि त्यावर हार्पसारखी नाजूक सुरावट. दोन्ही एकत्र नांदतील असं सुरुवातीला वाटत नाही, आणि तेच त्या ट्रॅकचं मर्म आहे. शेवटचा 'थ्री ड्रम्स' आठ मिनिटांहून मोठा. त्यात ड्रम पुढे असतात आणि सुरांची लाट मागून वाढत वाढत येते. ती लाट कुठल्या क्षणी ड्रमला गिळते, तो क्षण पकडायचा प्रयत्न करा. दर वेळी तो वेगळ्याच ठिकाणी सापडल्यासारखा वाटतो.

नाचायला आवडत असेल तर 'कॅस्केड'. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेपर्ड. न्यूरोसायन्समध्ये डॉक्टरेट केलेला हा माणूस २०२१मध्ये फॅरो सँडर्स या सॅक्सोफोनवादकाबरोबर आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर 'प्रॉमिसेस' नावाचा अत्यंत शांत अल्बम करून बसला होता. 'कॅस्केड' मात्र थेट क्लबच्या फरशीवर उतरतो. दणदणीत, यंत्रांच्या वळशांनी भरलेला, आणि शेवटी 'अब्लेझ'मध्ये एकदम शांत होणारा. तो शेवट वेगळा काढून ऐकू नका. आधीची दमछाक झाल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

तालाचं वेड असेल तर जेलिनचा 'अकोमा'. ती अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या गॅरी गावची, एके काळी पोलाद कारखान्यात काम करणारी. शिकागोच्या फुटवर्क या झपाट्याच्या नृत्यसंगीतातून ती आली आणि ते तिने पार वेगळ्याच जागी नेऊन ठेवलं. या अल्बमवर गायिका ब्यर्क, क्रोनोस क्वार्टेट हा तंतुवाद्यवृंद आणि संगीतकार फिलिप ग्लास आहेत, पण राज्य तालवाद्यांचंच. इथे दुसऱ्या पायरीतलं मोजणं कोलमडतं, आणि ते कोलमडू द्यावं. एक ठोका धरून ठेवा आणि बाकीचे त्याभोवती फिरताना ऐका.

निया आर्काइव्जचा 'सायलेन्स इज लाउड' हा जंगलचा अल्बम आहे, पण त्यात पक्की गाणीही आहेत. ठेका तुफान वेगाचा, आणि त्यावर ती एकटेपणाबद्दल, घराबद्दल सावकाश गाते. दोन वेगांत एकाच वेळी राहण्याचा हा अनुभव पहिल्यांदा विचित्र वाटतो. कानाने आवाज धरायचा, पायाने ड्रम. ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या २०२४च्या अंतिम यादीत हा अल्बम होता.

आता ज्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे तो: नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस'. ती मूळची कॅरिबियन-बेल्जियन, लंडनमध्ये काम करते. हार्प आणि मॉड्युलर सिंथ ही तिची वाद्यं. अल्बममध्ये दहा ट्रॅक आहेत आणि त्यांची नावं 'कंटिन्युअम १' ते 'कंटिन्युअम १०'. नावांवरूनच कळतं की हे दहा तुकडे नसून पाऊण तासाची एकच रचना आहे. तिच्या मधोमध एक आर्पेजिओ आहे, म्हणजे एकामागून एक सुटे वाजणारे, पुन्हा पुन्हा फिरणारे स्वर. तानपुऱ्यासारखा तो सतत मागे असतो, पण तानपुरा जागचा हलत नाही आणि हा हलतो. कधी सिंथवर स्वच्छ ऐकू येतो, कधी तंतुवाद्यांच्या आड जातो, कधी ड्रम असे उसळतात की तो हरवलाच असं वाटतं. आणि मग तो तिथेच असतो.

हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना फक्त त्या आर्पेजिओचा माग काढा. नुबाया गार्सिया आणि जेम्स मॉलिसन यांचे सॅक्सोफोन सुंदर आहेत, मॉर्गन सिम्पसनचे ड्रम लक्ष खेचून घेतात, पण पहिल्या वेळी त्यांच्या मागे जाऊ नका. दुसऱ्या वेळी उलटं करा: आर्पेजिओ विसरा आणि वर येणारी-जाणारी वाद्यं ऐका. तेव्हा लक्षात येतं की वादक त्या फिरणाऱ्या स्वरांशी बोलतायत, त्यांच्यापासून लांब जातायत आणि पुन्हा परत येतायत. मग हे जॅझ की इलेक्ट्रॉनिक, असा प्रश्न काही जण विचारतात. मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. यंत्राने धरलेला धागा आणि माणसांनी त्याभोवती केलेली वीण इतकी घट्ट आहे की एक काढलं तर दुसरं उरत नाही.

चार्ली एक्ससीएक्सच्या 'ब्रॅट'चं काय, असं कुणीतरी विचारणारच. सर्वोत्तम डान्स/इलेक्ट्रॉनिक अल्बमचं ग्रॅमी त्यालाच मिळालं. जरूर ऐका, फार हुशारीने केलेला आहे. तो तुमच्यापर्यंत पोहोचवायला माझी गरज नाही एवढंच.

चौथी पायरी: प्रत्येक अल्बम तीनदा, तीन तऱ्हांनी

पहिल्यांदा दुसरं काही काम न करता, हेडफोन लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये थांबवायचं नाही आणि ट्रॅकचं नावही बघायचं नाही. दुसऱ्यांदा चालताना किंवा घरातली कामं करताना. या संगीताचा मोठा भाग हलत्या शरीरासाठी बनलेला आहे, आणि बसून निर्जीव वाटलेला ट्रॅक चालताना जागा होतो. तिसऱ्यांदा निदान आठवडाभराने. मधल्या दिवसांत त्यातलं काय आपोआप डोक्यात घोळत राहिलं, ते तिसऱ्या ऐकण्याआधी वहीत लिहून ठेवा.

वहीत समीक्षा लिहायची नाही. एका अल्बमला एक-दोन ओळी पुरेत, आणि त्या ठोस असाव्यात. 'वातावरणनिर्मिती छान' अशा ओळीचा महिन्याने काही उपयोग नसतो. 'चौथ्या मिनिटाला बेस गेला तेव्हा पोटात खड्डा पडला' अशी ओळ मात्र तो अल्बम पुन्हा समोर उभा करते. कुठला ट्रॅक, कितव्या मिनिटाला, काय झालं, एवढंच लिहा.

पाचवी पायरी: जे आवडलं त्याचं मूळ शोधा

एखादा अल्बम आवडला की तिथून एक पाऊल मागे जा. एकच. सगळा इतिहास धुंडाळत बसलात तर २०२४ बाजूलाच राहील.

'बर्थ४०००'मधला धावता सिंथ बेस आवडला असेल तर डॉना समरसाठी जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी १९७७मध्ये केलेलं 'आय फील लव्ह' ऐका. सिंथेसायझरवर उभं राहिलेलं ते नृत्यगीत आजही जुनं वाटत नाही. 'एंडलेसनेस'मधली फिरती शांतता आवडली असेल तर ब्रायन ईनोचा १९७८चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. त्यात वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या लूप एकत्र फिरत ठेवल्या आहेत. लांबी वेगळी असल्याने त्या दर फेरीला एकमेकींना नव्या जागी भेटतात, आणि त्यातून कुणी आधी न लिहिलेली सुरावट तयार होत राहते.

निया आर्काइव्जच्या ठेक्याचं मूळ तर आणखी मजेशीर आहे. १९६९मध्ये 'दि विन्स्टन्स' या अमेरिकी बँडने 'आमेन, ब्रदर' नावाचा ट्रॅक रेकॉर्ड केला. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन चार बार एकटा वाजवतो, जेमतेम सात सेकंद. पुढे सॅम्पलर (आवाजाचे तुकडे कापून वाजवणारं यंत्र) आल्यावर ते सात सेकंद कापले गेले, वेग वाढवून उलटसुलट जोडले गेले आणि त्यांच्यावर जंगल आणि ड्रम अँड बेस या शैली उभ्या राहिल्या. मूळ ट्रॅक एकदा ऐका, मग 'सायलेन्स इज लाउड' पुन्हा लावा. एकच तुकडा किती तऱ्हांनी तोडता येतो ते कानाला दिसू लागतं. कोलमनला त्या सात सेकंदांचे पैसे कधीच मिळाले नाहीत, याची हळहळ वाटते.

सहावी पायरी: पुढचे अल्बम लेबलच्या मागाने शोधा

ॲपने सुचवलेलं ऐकायला हरकत नाही, पण ते तुम्हाला ओळखीच्याच परिघात फिरवत राहतं. या संगीतात लेबल हा खरा वाटाड्या. 'कॅस्केड' निन्जा ट्यूनवर आहे, 'एंडलेसनेस' वॉर्पवर, 'अकोमा' प्लॅनेट म्यूवर. अल्बम आवडला की त्या लेबलने त्याच वर्षी आणखी काय काढलं ते बघा. कोड्९ या संगीतकाराने चालवलेलं हायपरडब हे लेबलही यात धरा. जंगलची चव लागली असेल तर टिम रीपर आणि क्लोक यांचा २०२४चा 'इन फुल इफेक्ट' त्यांच्याकडेच सापडेल.

मनापासून आवडलेला एखादा तरी अल्बम विकत घ्या. स्ट्रीमिंगमधून छोट्या कलाकाराच्या हाती फार थोडं पडतं. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम घेतला तर कंपनी साधारण १५ टक्के ठेवते आणि बाकीचं, पैसे पाठवण्याचा खर्च वगळून, कलाकार किंवा लेबलकडे जातं. २०२०पासून ते काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडून देतात. खरेदी त्या दिवसावर ढकलली तर तुमचे पैसे तेवढेच जातात, कलाकाराला जास्त मिळतात. शिवाय फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) कायमची तुमच्याजवळ राहते.

सातवी पायरी: यादी करा

वही उघडा. जे अल्बम तीनदा ऐकून झाल्यावर तुम्ही आपणहून पुन्हा लावलेत, तेवढेच यादीत घ्या. आदर वाटला पण पुन्हा लावावासा वाटला नाही, तो बाहेर. सहा-सात नावं झाली तरी भरपूर. क्रमांक देण्याची सक्ती नाही. माझ्या पानावर 'एंडलेसनेस' सगळ्यांत वर आहे, त्याखाली 'थ्री' आणि 'अकोमा', आणि बाकीचे कुठल्याही क्रमाने.

ईपीसाठी, म्हणजे अल्बमहून छोट्या रेकॉर्डसाठी, वेगळी जागा ठेवा. हे संगीत मुळात बारा इंची रेकॉर्डवर, दोन-तीन ट्रॅकच्या हिशोबाने वाढलं, आणि अजूनही त्यातलं उत्तम काम बऱ्याचदा अल्बमच्या रूपात येतच नाही. बरियल या संगीतकाराने २००७च्या 'अनट्रू'नंतर बहुतेक काम अशाच छोट्या रेकॉर्डवर केलं आहे. २०२४च्या 'ड्रीमफिअर / बॉय सेंट फ्रॉम अबव्ह'मध्ये दोनच ट्रॅक आहेत, पण ते लांबलचक, आतल्या आत अनेकदा कूस बदलणारे. अल्बमच्या यादीत ते बसत नाहीत म्हणून सुटायला नकोत. पुनर्प्रकाशनंही वेगळ्या रकान्यात घाला. ॲफेक्स ट्विनच्या १९९४च्या 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स व्हॉल्यूम २'ची वाढीव आवृत्ती २०२४मध्ये आली, आणि ती वर्षाच्या यादीत घेतली तर बाकी कुणाला जागाच उरायची नाही.

पानाच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या सोडा. नियतकालिकांच्या याद्या नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला ठरतात, त्यामुळे अगदी शेवटी आलेले अल्बम बहुतेक याद्यांतून निसटतात. काही अल्बम वर्ष उलटून गेल्यावर कुणाच्या तरी सांगण्यातून कळतात. ते सापडतील तेव्हा त्या ओळींत लिहा, शेजारी तारीख टाका, आणि तिथेही तीनदा ऐकण्याचा नियम पाळा.